लालासाहेबांची माती आणि माझा सर्व्हर

आमच्याकडे माणूस गेलं की पहिला प्रश्न असतो, "सगळ्यांना कळवलं का?" रडणं त्याच्यानंतर. लग्नाला कुणी आलं नाही तर आहेर पाठवून भागतं. बारशाला नाही आलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. पण मातीला जो आला नाही त्याचं नाव निघतच राहतं. पुढे त्याच्या मुलासाठी स्थळ बघायला गेलं तरी कोपऱ्यातून कुणीतरी म्हणतं, "ह्येंच्यातलं कोण आलं न्हवतं आमच्या आज्याच्या मातीला." तेव्हा माणूस गेल्याचं कळवणं हे साधं काम नाही. ते मी अंगावर घेतलं आणि त्यात एका जिवंत माणसाची माती करून बसलो.

आमच्या भावकीचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. एका उन्हाळ्यात त्यावर निधनाचा निरोप पडला. फोटो म्हसवडच्या पाहुण्यांचा, नाव आमच्या गावच्या माणसाचं. दोन्हीकडे गाड्या भरून लोक गेले आणि दोघेही जिवंत निघाले. एकाचा त्या दिवशी वाढदिवस होता. कुणीतरी शुभेच्छांचा फोटो जुन्या मजकुरावर चिकटवला होता. गाडीचं भाडं आणि दिवस दोन्ही वाया गेल्यामुळे भावकीने एक शहाणपण गाठीला बांधलं : निरोप आला की आधी फोन करून खात्री करायची, मग निघायचं.

त्याच वर्षी श्रावणात माझी बायको राही गेली. साताऱ्यातच, दवाखान्यात, सकाळी. पुतण्याने ग्रुपवर निरोप टाकला. राहीची थोरली बहीण सुलाबाई कवठे महांकाळला असते. तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. तिच्या घरच्यांनी निरोप वाचला आणि ठरल्याप्रमाणे खात्री करायला घेतली. माझा फोन दवाखान्याच्या पिशवीत होता. पिशवी कुणाच्या गाडीत गेली ते मला माहीत नव्हतं. पुतण्याचा फोन सारखा एंगेज. त्यांची खात्री पटेपर्यंत इकडे माहुलीच्या घाटावर माती होऊन गेली. अक्का संध्याकाळी पोहोचली. बहिणीचं तोंड तिला दिसलं नाही.

ती मला काही बोलली नाही. माझ्या घरी पाणीही घेतलं नाही. सावडायला आली, राख भरली आणि गेली. त्यानंतर मी फोन केला की तिचा मुलगा मल्हार उचलायचा आणि म्हणायचा, "अक्का रानात गेलीया." कवठ्याच्या कोरडवाहू रानात माणसाला एवढं काम नसतं, हे मला ठाऊक आहे.

म्हणून मी ठरवलं की निरोप लगेच जाईल आणि तो खरा आहे हे वाचणाऱ्याला तिथल्या तिथे कळेल, अशी काहीतरी सोय करायची. लोकांना सांगताना मी हे भावकी मंडळाचं काम म्हणून सांगितलं. खरं म्हणजे मला ते अक्काला दाखवायचं होतं.

साताऱ्यातल्या आमच्या कॉलनीत ही गोष्ट एकाला सांगितली की सगळ्यांना सांगितल्यासारखी होते. समोरचे तानाजी सुभेदार रिटायर फौजी आहेत. ते म्हणाले, "हितं काय अवघड हाय? फौजेत रात्री पहारेकरी इचारतो, कोण हाय? परवलीचा शब्द बरोबर आला तर आत, न्हाई तर गोळी." मी म्हटलं, "सुभेदार, आपल्याकडे आधीच एक मेलेला असतो." शेजारचे एकजण म्हणाले, निरोपाला तलाठ्याचा दाखला जोडायची सक्ती करा. दाखला मिळेपर्यंत वर्षश्राद्ध येईल, हे त्यांनाही माहीत होतं, पण सल्ला देताना अशा गोष्टी मध्ये आणायच्या नसतात.

माझी मुलगी अंकिता पुण्याला असते. रोज फोन करून "जेवलात का" विचारते. एकदा ती म्हणाली, "बाबा, तुम्ही टेलिफोन खात्यात जन्म काढलाय. स्वतःच शिका की प्रोग्रॅमिंग. दिवसही जाईल." दिवस जाण्याबद्दल ती बरोबर होती. मी पोवई नाक्याजवळच्या एका क्लासला नाव घातलं. वर्गात सगळी कॉलेजची पोरं. पहिल्या दिवशी मी दारात उभा राहिलो तर सगळी उठून उभी राहिली. त्यांना वाटलं तपासणीला कुणी साहेब आलेत.

शिकवायला मिलिंद सर. वय माझ्या अंकिताएवढं. मी त्यांना सर म्हणायचो, ते मला काका म्हणायचे. जावास्क्रिप्ट नावाची भाषा सर्व्हरवर कशी चालवायची, हा त्यांचा विषय. मी त्यांना माझं काम सांगितलं तेव्हा ते खडू हातात धरून माझ्याकडे बघत राहिले आणि मग हसायला लागले.

"काका, आमच्या पणजोबांना गावात हेच काम होतं. वरच्या आळीत कुणी मेलं की दहा गावांना निरोप घेऊन पळायचं. ऊन असो, पाऊस असो. छप्पन साली बौद्ध झालो तेव्हा आजोबांनी सांगून टाकलं, आता तुमचे मुडदे तुम्ही कळवा. आणि आज त्याच पणजोबांचा पणतू फी घेऊन तेच शिकवतोय."

वर्गातली पोरं माझ्याकडे वळून बघायला लागली. मी म्हटलं, "सर, पळायचं मी आहे. तुम्ही फक्त वाट दाखवा."

"मग ठीक," ते म्हणाले आणि फळ्याकडे वळले.

त्यांनी आखून दिलेली पद्धत अशी. निरोप मेसेज पोहोचवणाऱ्या एका कंपनीच्या नंबरवर पाठवायचा. प्रत्येक गावात एक निरोप्या नेमायचा आणि फक्त त्याचाच फोन त्या कंपनीकडे नोंदवायचा. निरोप्याने 'अमुक गेले, माती अमुक ठिकाणी, अमुक वाजता' एवढं पाठवलं की कंपनी ते घेऊन आपल्या सर्व्हरच्या दाराशी येते आणि सांगते. आपण सारखं कंपनीकडे जाऊन "आलं का काही?" विचारायचं नाही. ती आपणहून येते. याला वेबहुक म्हणतात. मला हे लगेच कळलं. टेलिफोनसुद्धा आपण दर मिनिटाला उचलून बघत नाही. घंटी वाजते तेव्हाच उचलतो. सर म्हणाले, अगदी तसंच. फरक एवढाच की इथे घंटी कोण वाजवतंय ते आधी बघायचं असतं. ते कसं बघायचं, हा पुढच्या आठवड्याचा धडा होता.

मी पुढच्या आठवड्याची वाट बघितली नाही. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर सर्व्हर चालू केला. तो जेवणाच्या टेबलावर ठेवला. टेबल रिकामंच होतं. भावकीचे आणि पाव्हण्यारावळ्यांचे नंबर घातले. अक्काचा नंबर शेवटी घातला आणि दोनदा तपासला.

आता आमच्याकडे कुठलंही काम उद्घाटनाशिवाय चालू होत नाही. लालासाहेब हे भावकी मंडळाचे अध्यक्ष. वय झालेलं, पण आवाज खणखणीत. ते म्हणाले, "नाथा, एवढं मोठं काम केलंस अन् देवळापुढं फ्लेक्स न्हाई? लोक काय म्हणतील?" फ्लेक्स लागला. वर लालासाहेबांचा फोटो, खाली माझा, बाजूला निरोप्यांचे. मधे जागा उरली म्हणून फ्लेक्सवाल्याने विचारलं, इथे काय टाकू. मी सर्व्हरचा पत्ता टाकायला सांगितला. ज्या दारावर फक्त कंपनीने यायचं, ते दार मी चौकात पाटी लावून दाखवलं. आणि लोकांना कळावं म्हणून पत्त्याखाली निरोपाचा नमुनाही छापला, मशिनीला लागतो तसा, कंसबिंस सगळं धरून. नमुन्यात नाव कुणाचं घालायचं हा प्रश्न आला. भावकीत मान थोरल्याचा. पहिलं पान थोरल्याला, पहिला टिळा थोरल्याला. मी लालासाहेबांचं नाव घातलं. ते फ्लेक्ससमोर उभे राहिले, वाचलं आणि म्हणाले, "बराबर हाय. पयलं नाव आपलंच पायजे."

उद्घाटनाला त्यांचे जावई जयराज आले होते. पुण्यात कॉम्प्युटर इंजिनियर. त्यांनी नारळ फोडला आणि फ्लेक्सचा फोटो काढला. मला वाटलं, सासऱ्यांचा फोटो आहे म्हणून काढला.

पुढे काय झालं ते जयराजांनी नंतर सगळ्यांसमोर सांगितलं. सुट्टीच्या दिवशी ते पुण्यात घरी बसले होते. सहज मनात आलं, काकांनी दाराला कुलूप लावलंय का बघावं. फ्लेक्सवरचा पत्ता घातला, खालचा नमुना जसाच्या तसा उतरवला आणि दाबलं. दाराला कुलूप नव्हतं. सर्व्हरने आलेला निरोप घेतला आणि कुणी दिला हे न विचारता वाटायला सुरुवात केली. त्यात माझी आणखी एक चूक. मी सर्व्हरला सांगून ठेवलं होतं की आधी सगळ्या नंबरांना निरोप वाटायचा आणि मग दारातल्याला "मिळालं" म्हणायचं. तोपर्यंत जयराजांच्या स्क्रीनवर नुसतं चक्र फिरत होतं. त्यांना वाटलं गेलंच नाही. म्हणून पुन्हा दाबलं. मग आणखी एकदा.

लालासाहेब तीनदा गेले. प्रत्येक वेळी माती एकाच ठिकाणी आणि एकाच वेळी, त्यामुळे लोकांची खात्रीच झाली.

मी बातमी कळून गावात पोहोचलो तेव्हा गल्लीत गाड्या लावायला जागा नव्हती. बायका कोपऱ्यापासूनच सूर धरून येत होत्या. लालासाहेब भाकरी खाऊन परड्यात हात धूत होते. आवाज ऐकून ते बंडीवरच दारात आले.

"कोण गेलं गं?"

पुढची बाई पदर तोंडाला लावून थांबली. "आवं, तुमी!"

"मी? कवा?"

मी त्यांना फोनवरचे तिन्ही निरोप दाखवले आणि ते माझ्याच सर्व्हरवरून आल्याचं सांगितलं. मला वाटलं, आता हे काठी उचलतील. पण लालासाहेब खाट बाहेर काढायला लावून मधोमध बसले आणि येणाऱ्याकडे बघू लागले. "म्हसवडचं पावनं आलं. ह्ये वाईचं आलं. रामभाऊ आला? आला व्हय, चांगलं झालं. अन् धैर्यशील? त्यो कुठं हाय? बांधाला बांध लागून हाय त्याचा, अन् मातीला न्हाई?"

धैर्यशील त्यांचे चुलतभाऊ. ते शेवटी आले, हातात मोठा हार. "दादा, हारापायी उशीर झाला. ताजी फुलं मिळंनात."

"आणलाच हाय तर घाल," लालासाहेब म्हणाले आणि मान पुढे केली. ते दिवसभर तो हार घालून बसले. जी माणसं परत निघाली त्यांना चहा घेतल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

सगळ्यात शेवटी पुण्याची गाडी आली. त्यांची मुलगी पूजा आणि जयराज. निरोप पूजाच्याही फोनवर गेला होता. ती रडायला लागली आणि जयराजांना तेव्हा उमगलं की आपण काय केलंय. खंबाटकी घाटापर्यंत त्यांनी गाडी चालवली, तोंड उघडलं नाही. घाटात त्यांनी खरं सांगितलं. तिथून पुढे पूजाचं रडणं थांबलं आणि बोलणं सुरू झालं. गाडी दारात थांबली तेव्हा डोळे लाल जावयाचे होते.

माझ्या फोनवर मल्हारचा निरोप आला होता. "काका, अक्का म्हणती, आता मेल्यालं माणूस बी तीन-तीन बार मराय लागलं का?" राही गेल्यानंतर अक्काकडून मला आलेलं हे पहिलं वाक्य.

दुसऱ्या दिवशी मी क्लासला गेलो तर मिलिंद सरांना सगळं कळलेलं होतं. ते रागावले नाहीत. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. दारात कुणी आलं की लगेच "मिळालं" म्हणून त्याला मोकळं करायचं, वाटण्याचं काम मागाहून. प्रत्येक निरोपाला कंपनी एक क्रमांक देते, तोच क्रमांक पुन्हा आला तर टाकून द्यायचा, कारण खरी कंपनीसुद्धा उत्तर नाही मिळालं की पुन्हा येते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, सही तपासायची.

सहीचं असं आहे. कंपनी आपल्याला एक गुपित देते, अक्षरं-आकड्यांची लांबलचक माळ. ते फक्त तिला आणि आपल्याला माहीत. निरोप पाठवताना ती निरोप आणि गुपित एकत्र घुसळते आणि त्यातून जे निघेल ते सही म्हणून सोबत लावते. गुपित पाठवत नाही, सही पाठवते. आपण आपल्याकडे निरोप आणि आपलं गुपित तसंच घुसळायचं. जुळलं तर निरोप कंपनीचाच. जयराजांकडे गुपित नाही, त्यांची सही जुळणार नाही. मला हे फार आवडलं. मी ते मंडळाच्या बैठकीत समजावून सांगितलं, आणि तिथे नवीन अडचण उभी राहिली.

"गुपित काय हाय ते सांगा," खजिनदार म्हणाले.

"ते सांगायचं नसतं."

"म्हंजे भावकीपासनं लपवायचं? मागं देवळाच्या पत्र्याच्या हिशेबाचं बी असंच लपवलं हुतं."

"देवळाच्या पत्र्याशी माझा संबंध नाही."

"त्येच तर. संबंध न्हाई म्हणत्यात अन् गुपित ठेवत्यात." मागून कुणीतरी म्हणालं, "मंडळाचा कारभार उघडा पायजे. वाचा म्हनतो." लालासाहेबांनीही मान हलवली. शेवटी ठराव झाला आणि मी उभा राहून ते गुपित बैठकीत वाचून दाखवलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. संपल्यावर खजिनदार म्हणाले, "ह्यात लपवण्यासारखं काय हुतं? काय कळत बी न्हाई." एकाने ते फोनवर रेकॉर्ड केलं होतं. ग्रुपवर टाकलं.

मिलिंद सरांनी हे ऐकून डोक्याला हात लावला. "काका, सही सांभाळायची आणि शाई गावात वाटायची?" कंपनीकडून नवीन गुपित घेतलं. ते प्रोग्रॅममध्येसुद्धा लिहायचं नाही, सर्व्हरच्या वेगळ्या जागी ठेवायचं, असं त्यांनी बजावलं. या वेळी मी कुणालाही सांगितलं नाही. परिणाम असा की पुढच्या बैठकीत माझ्याशी कुणी नीट बोललं नाही. "नाथाजी बदललं," असं म्हणतात, असं सुभेदारांनी मला सांगितलं. इतकी वर्षं टेलिफोन खात्यात लोकांची बोलणी कानावर पडूनही मी एक शब्द बाहेर नेला नव्हता. आता माझ्याच भावकीत मी लपवाछपवी करणारा ठरलो.

सही तपासणं चालू केलं, तर सगळेच निरोप खोटे ठरायला लागले. निरोप्यांना मी चाचणीसाठी 'नमस्कार' पाठवायला सांगितलं होतं. सर्व्हर एकेकाला हाकलून देत होता. निरोप्यांचे फोन यायला लागले. "नाथाजी, आमाला खोटं पाडतोय का तुमचा डबा?" म्हसवडचा निरोप्या तर म्हणाला, मी नाद सोडतो, ज्याला मरायचं त्यानं आपलं आपण कळवावं.

सरांनी माझा प्रोग्रॅम बघितला. "काका, निरोप आला की तुम्ही आधी काय करता?"

"उघडतो. वाचतो. नाव, गाव, ठिकाण वेगळं काढतो. मग नीट मांडून त्याची सही काढतो."

"तिथेच घोटाळा. कंपनीने सही कशाची केलीय? तिने पाठवलेल्या कागदाची. तुम्ही तो उघडून, सारखा करून, पुन्हा लिहून त्याची सही काढता. मधे एक जागा कमी झाली, एक ओळ खाली गेली, तरी सही वेगळी येणार. आधी जसा आला तसा, हात न लावता तपासायचा. जुळला तर मग उघडायचा."

मी सवयीने टापटीप करायला गेलो होतो. राही म्हणायची की मी दुसऱ्याची घडी घातलेली चादरसुद्धा मोडून पुन्हा घालतो. मी प्रोग्रॅम बदलला. काही निरोप जुळले. मग दुपारी लाईट गेली आणि आल्यावर पुन्हा सगळे खोटे.

या वेळी कारण घड्याळ होतं. कंपनी सहीबरोबर वेळही पाठवते. फार जुना निरोप कुणी पकडून पुन्हा पाठवला तर तो कळावा म्हणून आपल्या घड्याळाशी ताडून बघायचं असतं. माझ्या जुन्या कॉम्प्युटरची आतली बॅटरी संपली होती. लाईट गेली की तो काही वर्षं मागे जायचा. त्याच्या हिशेबाने आजचे निरोप अजून यायचेच होते. मी स्क्रीनवरची तारीख बघितली. त्या तारखेला राही जिवंत होती. बहुतेक आतल्या खोलीत बाजरी पाखडत असेल. मी ती तारीख थोडा वेळ तशीच राहू दिली. मग बाजारातून बॅटरी आणली आणि दुरुस्त केली.

त्यानंतर मात्र सर्व्हर नीट चालायला लागला. जयराजांनी पुण्याहून परवानगी विचारून पुन्हा प्रयत्न केला. दाराने त्यांना आत घेतलं नाही. पूजाने मला मुद्दाम फोन करून सांगितलं, "काका, तुमच्या मशिनीनं यांना बाहेर काढलं, लय बरं वाटलं." प्रत्येक निरोपाखाली मी 'तपासलेला निरोप' असे शब्द यायची सोय केली.

सुभेदारांना तेवढ्याने समाधान नव्हतं. "समजा निरोप्याच खोटं बोलला तर? फोन त्याचा, सही कंपनीची, सगळं बराबर. पर माणूस जिवंत."

मी हे सरांना विचारलं. ते म्हणाले, "काका, आपण निरोप कुणाकडून आला एवढं तपासतो. माणूस कसा आहे ते तपासायला अजून कुणी काही काढलेलं नाही."

मग पारूआत्या गेल्या. राहीच्या आणि अक्काच्या सख्ख्या आत्या, वाईला राहायच्या. नव्वदीच्या पुढे. दोघी बहिणी लहानपणी त्यांच्याकडेच शाळेला होत्या. मी कुकर लावत होतो. टेबलावरचा सर्व्हर वाजला. वाईच्या निरोप्याचा निरोप. सही जुळली, वेळ जुळली, क्रमांक नवा. सर्व्हरने कंपनीला "मिळालं" सांगितलं आणि निरोप सगळीकडे गेला. खाली 'तपासलेला निरोप.' मी उभा राहून बघत होतो. कुठेही अडलं नाही.

आणि माझा फोन वाजायला लागला.

"नाथाजी, पारूआत्याचं खरं हाय न्हवं?"

"खाली लिहिलंय की, तपासलेला म्हणून."

"व्हय, त्ये वाचलं. पर म्हटलं इचारावं."

दुसरा, तिसरा, म्हसवड, गाव, कॉलनी. सुभेदार तर समोरच्या घरातून फोन करत होते. मी वैतागून मिलिंद सरांना फोन लावला. "सर, एवढं करून सगळे मलाच विचारतायत."

सर हसले. "काका, सही जुळली तरी माणसाचा आवाज ऐकल्याशिवाय आपल्या लोकांचं भागत नाही. त्याला माझ्याकडे कोड नाही." आणि फोन ठेवता ठेवता म्हणाले, "तुम्ही उचलत राहा."

मी उचलत राहिलो. त्यातच कवठ्याचा फोन आला. मी म्हटलं, "बोल मल्हार."

"मी सुला बोलतीया."

मी खुर्चीत बसलो. "हां, अक्का."

"आत्याचं वाचलं. मल्हार म्हणतोय, मशिनीनं तपासलंय, खरंच असंल."

"तपासलंय."

"मशिनीचं ऱ्हाऊ द्या, दाजी. तुमी सांगा. खरं हाय?"

"खरं आहे, अक्का. आत्या गेल्या."

तिच्या मागे गाडी चालू केल्याचा आवाज येत होता. मग म्हणाली, "त्या दिवशी लय फोन लावलं मी तुमास्नी. तुमी उचललं न्हाईसा."

"फोन माझ्याजवळ नव्हता. पिशवीत राहिला होता."

"व्हय. मल्हारनं सांगितलं मला. मला ठावं हाय." तिने मल्हारला गाडी पुढे घ्यायला सांगितली. "आत्याला कवा न्यायचं म्हणत्यात? मला यायला येळ लागंल. वाई लांब पडती हितनं."

"तुम्ही आल्याशिवाय नाही न्यायचं."

"तुमचं ऐकतील ते?"

"ऐकतील. मी निघतोच आहे तिकडं."

"मग आले," असं म्हणून तिने फोन ठेवला.

मी गॅस बंद केला आणि वाईच्या निरोप्याला फोन लावला. कवठे महांकाळची माणसं येईपर्यंत आत्याला हलवायचं नाही म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "आवं, सगळ्यास्नी येळ गेलीय की निरोपातनं."

"वेळ बदलली म्हणून नवा निरोप पाठव. माझं मशीन तपासून घेईल."

"अन् कारण काय लिहू?"

"थोरली भाची यायची आहे. एवढंच लिही."